सदसद्विवेकाचे मोल कोणी द्यावे?

ज्यांनी अनेक वर्षे इटलीचे पंतप्रधानपद भूषविले त्या आल्दो मोरो यांचा मृतदेह रोममधील एका अरुंद रस्त्यावर सोडून दिलेल्या मोटारीत सापडला, त्यास पंधरवडाही उलटला नव्हता आणि त्या हत्येच्या धक्क्यातून राष्ट्र अद्याप सावरले नव्हते. अशा वेळी, २२ मे १९७८ रोजी, तेथील राज्यकर्त्यांनी गर्भपाताला मर्यादित मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षऱ्या केल्या. राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी लेओने, पंतप्रधान जूलिओ आंद्रेओत्ती, आरोग्यमंत्री तीना आन्सेल्मी हे सारे ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे, आणि या पक्षाने संसदेत त्या विधेयकाच्या विरुद्ध मत दिले होते. तरीही बहुमताने संमत झालेल्या कायद्याखाली आपले नाव घालणे हे आपल्या पदाचे कर्तव्य आहे असे मानून त्यांनी ते पार पाडले.

यांतील तीना आन्सेल्मी यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. शाळकरी वयात, १९४४ साली, बासानो देल ग्राप्पा या गावी रस्त्याकडेच्या झाडांना टांगून फाशी दिलेले कैदी पाहण्याची सक्ती त्यांच्यावर झाली, आणि त्या दृश्याने हादरून त्या नाझीविरोधी गुप्त लढ्यात शिरल्या. पुढे त्या कॅथॉलिक कामगार चळवळीत वाढल्या आणि १९७६ साली इटलीच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. श्रद्धा त्यांच्या ठिकाणी नाममात्र होती असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. स्वधर्मीयांनी त्या स्वाक्षरीबद्दल ठेवलेला दोष त्यांनी सोसला. परंतु मंत्र्याच्या खुर्चीत बसून नागरिकाचा कायदेशीर हक्क आपल्या खाजगी श्रद्धेच्या तराजूत तोलावयाचा नाही, हा दंडक त्यांनी पाळला. मला हे आचरण फार मोठे वाटते. कारण ज्या कायद्यावर त्यांनी सही केली त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने पुढील चार दशकांत नेमकी याच्या उलट रीत त्या देशाच्या रुग्णालयांत रूढ केली.

तत्पूर्वी गर्भपात हा १९३० च्या फॅसिस्ट दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता, आणि तो स्त्रीविरुद्धचा किंवा गर्भाविरुद्धचा गुन्हा म्हणून नोंदला न जाता 'वंशाच्या अखंडतेविरुद्धचा' म्हणून नोंदला गेला होता. संततिनियमनाचा प्रचार करणेसुद्धा त्याच संहितेने गुन्हा ठरविले होते. ते कलम १९७१ साली घटना न्यायालयाने रद्द केले. पुढे १९७५ साली त्याच न्यायालयाने असे स्पष्ट केले की माता ही आधीच एक व्यक्ती आहे, भ्रूण अद्याप व्यक्ती व्हावयाचा आहे, आणि म्हणून दोघांचे हक्क समतोल मानता येत नाहीत. या पायावर १९४ क्रमांकाचा कायदा उभा राहिला. पहिल्या नव्वद दिवसांत स्त्रीने कुटुंब-सल्ला केंद्राकडे किंवा डॉक्टरकडे जावे, दाखला घ्यावा, निकड नसल्यास सात दिवस थांबून विचार करावा, आणि नंतर सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात दाखल व्हावे, अशी त्याची रचना. या रुग्णालयांबाहेर गर्भपात करणे हा गुन्हाच राहिला, ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

नववे कलम डॉक्टर, परिचारिका व अन्य सेवकवर्ग यांना सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याचा अधिकार देते. त्यासाठी नोकरीत रुजू झाल्यापासून महिन्याच्या मुदतीत लेखी निवेदन द्यावे लागते, कारणे सांगावी लागत नाहीत. पण त्याच कलमात तीन बंधने आहेत, आणि ती कायदा करणाऱ्यांच्या सावधपणाची साक्ष देतात. नकार केवळ प्रत्यक्ष गर्भपाताच्या क्रियेपुरता आहे, आधीच्या व नंतरच्या शुश्रूषेला तो लागू नाही; स्त्रीच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर तो मुळीच चालत नाही; आणि कितीही डॉक्टरांनी नकार दिला तरी रुग्णालयाने ही सेवा उपलब्ध करून दिलीच पाहिजे, त्यासाठी प्रांतिक सरकारने वाटल्यास दुसरीकडचे कर्मचारी आणावेत. कागदावर पाहता यापेक्षा न्याय्य तडजोड सुचविणे कठीण आहे.

कायद्याला लोकमताची कसोटीही लवकरच द्यावी लागली. १७ मे १९८१ रोजी सार्वमत झाले. त्याच्या अवघे चार दिवस आधी सेंट पीटरच्या चौकात पोप जॉन पॉल द्वितीय यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि सारा कॅथॉलिक देश त्यांच्या प्राणांसाठी प्रार्थना करीत होता. अशा भावनेच्या भरात कायदा वाहून जाईल अशी धास्ती अनेकांना वाटली असल्यास नवल नाही. परंतु कायद्याचा संकोच करू पाहणारा प्रस्ताव ६८ टक्के मतदारांनी फेटाळला. ज्या मतदारांनी रविवारी पोपसाठी मेणबत्ती लावली, त्यांतील कित्येकांनी त्याच रविवारी कायदा राखण्याच्या बाजूने मत दिले असले पाहिजे. या दोन्ही कृती एका अंतःकरणात नांदू शकतात हे त्या देशाने तेव्हा दाखवून दिले.

मतपेटीने जे राखले ते रुग्णालयाच्या दप्तरात मात्र झिजत गेले. आरोग्य मंत्रालय दरवर्षी संसदेला जो अहवाल सादर करते त्याप्रमाणे नकार नोंदविणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे प्रमाण २००५ साली ५८.७ टक्के होते, दोन वर्षांत ते ७० च्या वर गेले, २०१६ साली ७०.९ टक्के झाले, आणि त्यानंतर किंचित उतरून २०२१ साली ६३.४ टक्क्यांवर आले. दक्षिणेकडील काही प्रांतांत ते याहून पुष्कळ अधिक. भूलतज्ज्ञांपैकी २०१६ साली जवळजवळ निम्मे नकार देणारे होते, आणि भूल देणारा नसेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्याची तयारी निरुपयोगी ठरते.

या टक्केवारीचा अर्थ स्त्रीच्या वाट्याला कसा येतो, तो पाहू. एखाद्या डोंगराळ भागातील गावची स्त्री आपणास दिवस गेल्याचे सातव्या आठवड्यात ओळखते. सल्ला केंद्रात जाऊन दाखला मिळविण्यात काही दिवस जातात. मग ते सात सक्तीचे दिवस. आता जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे तर तेथील सर्व तज्ज्ञांची निवेदने दप्तरी दाखल आहेत. ज्या एका डॉक्टरांनी ते दिलेले नाही त्या आठवड्यातून एकच दिवस येतात, त्यांची यादी भरलेली आहे, आणि त्या रजेवर गेल्या तर तो विभागच बंद राहतो. दुसऱ्या शहरात जावे तर तेथेही रांग. नोकरीतून रजा काढणे, घरी काय सांगायचे हे ठरविणे, असलेल्या मुलाला कोणाकडे तरी सोपविणे, हे सारे करीत असताना नव्वद दिवसांची मुदत मात्र एक दिवसही थांबत नाही. कोणीही तिला 'हक्क नाही' असे म्हटलेले नाही, आणि तरीही तो तिच्या हातून निसटतो. अशी स्त्री अखेरीस कायद्याबाहेरचा मार्ग धरते तर शासन तिला काय म्हणते? १९७८ च्या कायद्यात त्यासाठी नाममात्र दंड होता, पुढच्या चलनात तो ५१ युरोपर्यंत होता. २०१६ च्या जानेवारीत तो ५,००० ते १०,००० युरो करण्यात आला. ज्या सरकारने समोरचे दार उघडे ठेवण्याची आपली जबाबदारी पाळली नाही, त्याच सरकारने मागच्या दाराने गेल्याबद्दल एवढा भुर्दंड बसवावा, याला मी अन्याय म्हणतो.

नकाराची मर्यादा कोठवर ताणली जाते याचे एक उदाहरण ईशान्य इटलीतील पोर्देनोने येथे घडले आणि थेट सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले. गर्भपाताची प्रक्रिया दुसऱ्या डॉक्टरने आधीच केलेली होती. स्त्रीला रक्तस्रावाचा धोका दिसू लागला तेव्हा सुईणीने पाळीवरील डॉक्टरला बोलावले. डॉक्टर आली नाही. विभागप्रमुखाने दूरध्वनीवरून सांगितले, रुग्णालयाच्या संचालकांनी हुकूम दिला, तरीही ती नकारावर अडून राहिली. शेवटी विभागप्रमुखाला स्वतः यावे लागले. २०१३ साली न्यायालयाने तिची एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा कायम केली आणि सांगितले की कायद्याने दिलेली सूट गर्भपात करण्यापासून आहे, रुग्णाची शुश्रूषा करण्यापासून नाही. त्या प्रसंगी वाचवावयाचा गर्भ उरलेला नव्हता. समोर होती ती केवळ एक आजारी स्त्री. तेव्हा त्या नकाराने कोणत्या जीवाचे रक्षण झाले असते, हा प्रश्न मी श्रद्धावान वाचकांपुढेच आदरपूर्वक ठेवतो.

सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याची कल्पना इटलीला नवी नव्हती. सक्तीच्या लष्करभरतीच्या त्या देशात १९४९ साली पिएत्रो पिन्ना या तरुणाने शस्त्र हाती धरण्यास नकार दिला आणि तो तुरुंगात गेला. पुढे तो आल्दो कापितीनी या गांधीविचारी तत्त्ववेत्त्याचा सहकारी झाला. १९६१ साली पेरूजाहून असीसीपर्यंत निघालेली शांतियात्रा ही याच मंडळींची निर्मिती. १९६५ साली लोरेंझो मिलानी या खेडेगावातील कॅथॉलिक पाद्र्याने लष्करी धर्मगुरूंना जाहीर पत्र लिहून अशा तरुणांचा कैवार घेतला, आणि त्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. अखेर १९७२ साली कायदा झाला. लष्कराऐवजी नागरी सेवा करण्याची मुभा मिळाली, मात्र ती सेवा लष्करी सेवेपेक्षा आठ महिने अधिक करावी, अशी अट होती. १९८९ साली घटना न्यायालयाने ती अट काढून टाकली, पण तोपर्यंत हजारो तरुणांनी ते आठ महिने आनंदाने भोगले. रुग्णांचे मळ धुणे, अपंगांची सेवा करणे, अशा कामांत त्यांनी आपल्या नकाराचे मोल स्वतःच्या आयुष्यातून चुकते केले.

एकाच देशातील, एकाच दशकातील हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. सैनिक होण्यास नकार देणाऱ्याला राज्याने विचारले की तुझ्या नकाराचा भार तू उचलतोस काय, आणि त्याने होकार दिला. डॉक्टरला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्याने एक कागद सादर केला की त्याचे काम हलके होते, बढतीला बाध येत नाही, त्याने टाळलेले काम दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर पडते आणि उरलेला सारा भार त्या गर्भवती स्त्रीवर. अंतःकरणाची साद ऐकून जो नकार देतो त्याच्याविषयी मला आदर आहे. परंतु नकार आपण द्यायचा आणि त्याचे प्रायश्चित्त तिऱ्हाइताने घ्यायचे, ही व्यवस्था सदसद्विवेकाच्या नावाखाली खपवून घेणे मला अशक्य वाटते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. इटलीत रविवारच्या प्रार्थनेला नियमाने जाणाऱ्यांचे प्रमाण दहांत सातच्या जवळपासही नाही, आणि डॉक्टर हा वर्ग इतर समाजाहून अधिक भाविक असण्याचे काही कारण दिसत नाही. तेव्हा नकार देणारे सर्वच जण श्रद्धेपोटी तसे करतात, हे मानणे कठीण आहे. ज्या विभागाचा प्रमुख नकार देणारा आहे तेथे नकार न देणाऱ्या तरुण डॉक्टरच्या वाट्याला केवळ हेच एक काम येते. प्रसूती, शस्त्रक्रिया, संशोधन, नाव मिळवून देणारे सारे काही इतरांकडे जाते. हे निव्वळ अनुमान नाही. इटलीतील मोठ्या कामगार महासंघाच्या तक्रारीवरून युरोप परिषदेच्या सामाजिक हक्क समितीने २०१६ साली असा निर्णय दिला की नकार न देणाऱ्या डॉक्टरांना त्या देशात भेदभावाची वागणूक मिळते. आणि स्त्रियांच्या आरोग्याच्या हक्काचा भंग होतो, हे तिने २०१४ सालीच नमूद केले होते. रोमच्या सान कामिल्लो रुग्णालयाने २०१७ साली केवळ या कामासाठी दोन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नेमणुकीची जाहिरात काढली तेव्हा बिशपांच्या परिषदेने आक्षेप घेतला. कायद्याने जी सेवा अनिवार्य केली, तिच्यासाठी माणसे नेमण्यासही हरकत घेतली गेली. व्यक्तीच्या अंतःकरणाचे रक्षण आणि सेवाच बंद पाडणे यांतील फरक येथे पुरता पुसला गेला.

चर्चच्या भूमिकेविषयी अनुदार बोलण्याची मला इच्छा नाही. पोप जॉन पॉल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या परिपत्रात अशा कायद्यांना सदसद्विवेकाने विरोध करावा असे श्रद्धाळूंना बजाविले, आणि गर्भातील जीव हा पूर्ण मनुष्य आहे अशी ज्याची खरी धारणा आहे त्याने याहून वेगळे सांगावे तरी कसे? पण ही धारणा व्यक्तीची आहे. रुग्णालयाला अंतःकरण नसते; त्याला इमारत, अंदाजपत्रक, पाळ्यांचे वेळापत्रक आणि नागरिकांप्रत असलेले उत्तरदायित्व असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ग्लासगोच्या दोन कॅथॉलिक सुईणींच्या प्रकरणात ही रेषा मोठ्या काळजीने आखली. प्रत्यक्ष क्रियेत भाग न घेण्याचा त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. विभागाची देखरेख, कामाची वाटणी, दूरध्वनी घेणे ही कामे मात्र त्यात येत नाहीत, असे लेडी हेल यांनी निकालात म्हटले. अशी रेषा आखता येते, एवढे त्या निकालाने निश्चितपणे सिद्ध केले.

आयर्लंडची कथा आपल्याला अधिक जवळची, कारण तेथे प्राण गेले ते बेळगावच्या लेकीचे. दंतवैद्य असलेल्या सविता हलप्पनवार ३१ वर्षांच्या होत्या; २०१२ च्या ऑक्टोबरात, गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असताना, गॉलवेच्या रुग्णालयात त्यांनी गर्भपाताची याचना केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असेपर्यंत काही करता येत नाही असे सांगण्यात आले, आणि २८ ऑक्टोबर रोजी जंतुदोषाने त्यांचा अंत झाला. हे कॅथॉलिक राष्ट्र आहे, असे एका सुईणीने त्यांना सांगितले होते, हे तिने पुढील चौकशीत कबूल केले. तेथे आडवी आली ती कोणा एका डॉक्टरची श्रद्धा नव्हती. १९८३ साली राज्यघटनेतच घातलेली आठवी दुरुस्ती होती, म्हणजे श्रद्धा साऱ्या देशाच्या कायद्यावर चढून बसली होती. २०१८ च्या मे महिन्यात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली. नंतर झालेल्या कायद्यात डॉक्टरला नकाराचा हक्क आहे, तथापि नकार देणाऱ्याने शक्य तितक्या लवकर रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपविण्याची व्यवस्था केलीच पाहिजे असे बंधन त्याला जोडलेले आहे. सवितांच्या मृत्यूने आयरिश समाजाला जे शिकविले ते त्या एका बंधनात उतरले आहे.

आता आपल्याकडे वळू. आपला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा ज्या समितीच्या अहवालावर आधारलेला आहे तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते, ही आपल्या प्रांताला भूषणावह गोष्ट आहे. त्या कायद्यात सदसद्विवेकाचे कलम नाही. म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असे समजणे मात्र भ्रमाचे होईल. आपला नकार लेखी नसतो, आणि त्याला धर्माचे नावही कोणी देत नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती कायद्याने पुरेशी असताना तिला बाह्यरुग्ण विभागात सांगितले जाते, 'मिस्टरांना घेऊन या.' ती अविवाहित असेल तर आवाज चढतो, शेजारच्या बाकावरच्या बायका माना वळवून पाहतात, आणि ती केसपेपर घडी करून पर्समध्ये ठेवून उठते. कायद्याने गर्भपाताचा निर्णय डॉक्टरच्या प्रामाणिक मतावर सोपविला असल्याने कोणाचे मत वैद्यकीय आणि कोणाचे नैतिक, हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांचा हक्क मान्य करताना, कुटुंबाची संमती किंवा अनावश्यक कागदपत्रे यांसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत समज दिली आहे. इटालियन डॉक्टर निदान आपला नकार कागदावर स्वतःच्या नावाने नोंदवितो; आपल्याकडील नकाराला ना नाव, ना तारीख, ना त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा.

या संदर्भात रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे हे गणिताचे प्राध्यापक मिशनच्या विल्सन कॉलेजात शिकवीत होते. संस्थेच्या चालकांना त्यांचा प्रचार रुचणारा नव्हता. तेव्हा नोकरी आणि प्रचार यांत निवड करण्याची वेळ आली, आणि १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांचा विवेक त्यांच्या पगारातून आणि त्यांच्या घरखर्चातून वसूल झाला. त्याची झळ त्यांनी सल्ल्यासाठी आलेल्या कोणा स्त्रीला लागू दिली नाही.

आपल्या शासनाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. ज्या डॉक्टरला गर्भपात करणे मनापासून अमान्य आहे त्याला ते करण्याची सक्ती नसावी, पण त्याने ते लेखी कळवावे, आणि त्याऐवजी रात्रपाळी, ग्रामीण फिरती, किंवा रुग्णालयाला अडचणीचे असे दुसरे काही काम अंगावर घ्यावे. स्त्रीला त्याच दिवशी, त्याच इमारतीत, दुसऱ्या डॉक्टरचे नाव आणि वेळ लिहून मिळावी. जिवाला धोका असेल तेथे कोणाचाही नकार चालू नये. एखाद्या धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयात ही सेवा दिलीच जात नसेल तर तसा फलक प्रवेशद्वारापाशी असावा, आणि जवळचे कोणते सरकारी रुग्णालय ती देते त्याचा पत्ता त्यावर असावा. महाराष्ट्रातील रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचा दंडक आहेच; तिच्याखाली या दोन ओळी वाढविण्यास नवा कायदा लागत नाही, आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरे आहे.